जर्मलची नाव

परवा जर्मलच्या पातेल्याला चिंच लावून घासायला बसले आणि बोटं काळी झाली. साबण लावला, लिंबू चोळलं, तरी नखांच्या कडेला काळं राहिलंच. सून म्हणाली, "आई, ते भंगारात द्या ना आता. स्टीलची एवढी भांडी पडलीत." तिचं बरोबर आहे. अॅल्युमिनियमच्या भांड्यात हल्ली कोणी काही शिजवत नाही, डॉक्टरसुद्धा नको म्हणतात. पण आखाजी, म्हणजे आमची अक्षय तृतीया, जवळ आली की माझे हात शिवशिवतात. काहीतरी पांढरं पडलेलं, तेज गेलेलं समोर हवं आणि ते खसाखसा घासायला हवं. पिंप्राळ्यातल्या या तीन खोल्यांत नाव कुठून आणणार? म्हणून पातेल्यावर भागवते.

नाव म्हणजे खरोखरची नाव. माझ्या सासरी तापीवर नाव चालायची. नदीच्या अलीकडे आमचं गाव, पलीकडे चोपड्याच्या बाजूचं गाव, आणि त्या गावाच्या मागे सातपुड्याची निळी रेघ. आमच्या घाटापाशी मोठा डोह होता. उन्हाळ्यात बाकी नदी आटून जागोजाग वाळू उघडी पडायची, पण डोहातलं पाणी हटत नसे. माझ्या सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. त्यांच्या बापाच्या काळी लाकडी नाव होती. ती कुजली तेव्हा आबांनी भुसावळच्या एका भंगारवाल्याकडून ही जर्मलची नाव आणली. कुठल्याशा लष्करी लिलावातून आलेली, हिरव्या रंगाची, ठिकठिकाणी पोचे गेलेली. तो हिरवा रंग घरच्या लेकींनी खरवडून काढला आणि खालून चांदीसारखी नाव निघाली, असं सासूबाई मोठ्या कौतुकाने सांगायच्या. खांदेशात अॅल्युमिनियमला जर्मलच म्हणतात, त्यामुळे नावेचं नावही तेच पडलं.

मी धुळ्याची. आमच्या गल्लीत नळ होता आणि नदी म्हणजे पांझरा, तीही उन्हाळ्यात पाहुण्यासारखी गायब. नावेत पाय ठेवायची माझी पहिली वेळ लग्नातच आली. ती ऐंशीच्या पुढची सालं असतील. आमचे हे भुसावळला रेल्वेत होते, रविवारी घरी यायचे. बाकीचे दिवस मी, सासूबाई आणि आबा. सासूबाईंना मी इतरांसारखी मायच म्हणायचे. माझी स्वतःची आई लग्नाच्या आदल्या वर्षी गेलेली, त्यामुळे लग्नानंतरची पहिली आखाजी आली तरी मला आणायला मुराळी कोण पाठवणार होतं? भावाने पत्र टाकलं की यंदा जमत नाही. गावातल्या सगळ्या सुना माहेरी निघाल्या, सगळ्या लेकी माहेरी आल्या, आणि मी मात्र ना लेक ना माहेरवाशीण, ओसरीवर बसून कैऱ्या चिरत होते. मला फार वाईट वाटत होतं आणि ते कोणाला दिसू नये म्हणून मी कैऱ्या जरा जास्तच बारीक चिरत होते.

त्याच दिवशी अक्का आली. अक्का म्हणजे माझी थोरली नणंद, विमल. डोहाच्या पलीकडचं जे गाव दिसायचं, तेच तिचं सासर. आमच्या घाटावर उभं राहिलं की तिच्या सासरच्या मारुतीचा भगवा झेंडा दिसायचा. लेक इतकी जवळ दिली म्हणून आबांना कोण बरं वाटायचं. नाव तेव्हा नुकतीच पाण्याबाहेर काढलेली, म्हणून अक्का खालच्या अंगाला उतार होता तिथून गुडघाभर पाण्यातून आली. हातात पिशवी, लुगडं ओचा धरून वर घेतलेलं. आल्याआल्या ती बोलायला लागली ती थांबेचना. कडुनिंब किती वाढला, कोंबडीने किती अंडी दिली, वाटेत कोणाची बैलगाडी भेटली. चुलीशी बोलली, मांजराशी बोलली, माझ्या कैऱ्यांशीसुद्धा बोलली. मला वाटलं, काय बाई वटवट करते ही. मायच्या कपाळावर मात्र आठी पडली होती.

आखाजीचे दिवस म्हणजे आमच्याकडे बायकांचं राज्य. निंबाच्या फांदीला झोके, खापरावरच्या पुरणाच्या पोळ्या, आमरस, पितरांच्या नावाने भरलेली घागर आणि तिच्यावर ठेवलेलं डांगर, म्हणजे खरबूज. त्या डांगराचा वास घरभर पसरलेला असतो. गौराई बोळवायला बायका नदीवर जातात. उताराशी पात्र अरुंद, म्हणून दोन्ही गावच्या बायका समोरासमोर उभ्या राहतात आणि एकमेकींना मनसोक्त शिव्या देतात. रागाच्या नव्हेत, सणाच्या. वर्षभर तोंड दाबून राहिलेल्या बायका त्या दिवशी अशा काही सुटतात की गडीमाणसं तिकडे फिरकत नाहीत. मी धुळ्याची, मला काय ठाऊक? मी कानांवर हात ठेवून उभी होते. पलीकडून एका बाईने अक्काला ओळखलं आणि तिच्या नाकावरून, चालण्यावरून, नवऱ्यावरून एकेक अस्सल शिवी हासडली. अक्काने उलट शिवी दिलीच नाही. ती माझा दंड घट्ट धरून उभी होती आणि तिचा चेहरा फुलला होता.

"आयकं का वहिनी?" ती म्हणाली. "मन्हं नाव लिधं तिनी."

तिने नाव घेतलं म्हणून, शिवी खाऊनसुद्धा कोणी एवढं खुश होतं का, असं मला वाटलं. तेव्हा ते तिथेच राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून नाव घासायला घेतली. त्या घराच्या काही रीती होत्या, त्या इथे सांगायला हव्यात, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच उभं आहे. आखाजीला नाव पाण्याबाहेर काढायची आणि घरच्या लेकींनी ती घासून लखलखीत करायची. घासून झाली की पहिली खेप लेकीची. आबा स्वतः लेकीला तिच्या सासरच्या काठाला पोचवणार, मगच नाव गावासाठी खुली. उन्हात नाव चमकली की ती पलीकडून दिसते, मग व्याही, जावई, जे कोण असतील ते काठावर येऊन उभे राहतात आणि लेकीच्या नावाने हाक मारतात. हाक आली की नाव काठाला लावायची. हाकेशिवाय लेकीची नाव लागत नाही. आबांच्या बापाने ही हाकेची रीत लाकडी नावेच्या काळी कधी आणि का घातली कोणास ठाऊक, पण आमच्या घरात ती देवपूजेसारखी पाळली जायची.

नाव निंबाखाली दोन ओंडक्यांवर पालथी घातलेली होती. वर्षभर पाण्यात राहून तिच्या अंगावर पांढरट खरखरीत थर चढलेला, काठाकाठाने शेवाळ वाळून काळं झालेलं. आधी ओली रेती आणि गोणपाट. मग जाड पॉलिश पेपर, मग बारीक, तो पाण्यात बुडवून बुडवून. नंतर चिंचेचं पाणी, गोवरीची चाळलेली राख, आणि सगळ्यात शेवटी जुन्या धोतराचा मऊ बोळा. मला एवढा धीर कुठला? मी धुण्याचा सोडा आणला आणि एका कोपऱ्यावर भरपूर ओतून चोळला. झटकन निघेल म्हटलं. तो कोपरा बघता बघता तव्याच्या बुडासारखा काळा पडला. माय कपाळाला हात लावून म्हणाली, "धुळानी शे ती, तठे नावबिव कोठे!" अक्का हसली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे माय, शिकी जाई." मग तिने माझा कोपरा स्वतःकडे घेतला.

त्या दिवसांचे आवाज अजून कानात आहेत. पॉलिश पेपरची खसखस, मध्येच वाळूचा कण अडकला की दातांवर शहारे आणणारी किरकिर, डोहाच्या काठाला बसलेल्या म्हशींचं फुरफुरणं. ऊन एवढं की पत्रा तापून हात ठेववत नसे, म्हणून सकाळी आणि कलत्या दुपारी घासायचं. आमचे हात कोपरापर्यंत काळे व्हायचे. पत्रा उजळतो आणि हात काळे होतात, हे जर्मलचं असंच आहे. आखाजीला काढलेली अक्काची मेंदी त्या काळ्याखाली केव्हाच दिसेनाशी झाली होती.

माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला, पण आलं. अक्का घासलेलीच जागा पुन्हा घासत होती. डावी कड आरशासारखी झाली तरी ती तिथेच बसायची आणि उजवी बाजू तशीच पांढुरकी. माय म्हणायची, इकडे ये, तिकडचं झालं. अक्का म्हणायची, अजून डाग आहे. डाग कुठेच नव्हता. लेकी आपापल्या सासरी परतल्या, झोके सोडले गेले, डांगराच्या बिया वाळून डब्यात गेल्या, तरी आमची नाव ओंडक्यांवरच. लग्नसराई ऐन भरात आलेली. रोज कोणी ना कोणी घाटावर येऊन विचारायचं. भिका नानांच्या मुलाचं लग्न पलीकडच्या गावात ठरलेलं, ते तर डोकं खायचे. "आबा, पोऱ्यानं लगीन शे. वऱ्हाड काय उडीसन नेवानं का?" आबा विडी विझवत एवढंच म्हणायचे, "चमकी तव्हय सुटी." म्हणजे चमकेल तेव्हा सुटेल. नानांचं काय चुकलं? उताराने पाण्यातून नवरीकडे वऱ्हाड नेणं शोभतं का? गावात कुजबुज सुरू झाली की आबांची लेक घरी बसली.

एका सकाळी चुलीपुढे मायने अक्काला सरळ विचारलं. मी भाकरी थापत होते, त्यामुळे सगळं ऐकलं.

"मारस का तो तुले?"

"नही."

"उपाशी ठेवतस?"

"नही."

"मंग काय दुखस तुनं?"

अक्काने चुलीत काटकी सारली. मग म्हणाली, "कोनी बोलस नही माय, मन्हासंगे."

तिच्या सासरी दोन वर्षं तिच्याशी कोणी एक शब्द बोललं नव्हतं. सासू नाही, सासरा नाही, नवराही नाही. कुठल्याशा लग्नात ती चुकून सासूच्या आधी पंगतीला बसली, एवढंच निमित्त. सासूने अबोला धरला, आईचं ऐकून मुलाने धरला आणि मग तो सुटलाच नाही. काम सांगायचं झालं तर सासू गोठ्यातल्या म्हशीला सांगायची, "आयक वं, पानी सरी गयं. जिले भरनं व्हई ती भरी." अक्काने ऐकायचं आणि पाणी भरायचं. नवरा ताटात भाकरी हवी असली की ताट वाजवायचा. सुरुवातीला अक्का रडली, पाया पडली. मग तीही भांड्यांशी, झाडूशी बोलायला लागली, कारण दिवसभरात स्वतःचा आवाज ऐकला नाही की भीती वाटते म्हणे. मला ते ऐकून भाकरी उलटायचं सुचेना. ती करपली.

माय उठली, करपलेली भाकरी तिने तव्यावरून काढली आणि म्हणाली, "कोनी बोलस नही म्हनीसन कोनी मरी नही जात." ती दुष्ट बाई नव्हती. ती फक्त घाबरली होती. मारलं असतं तर वळ दाखवता आला असता, चार माणसं बोलावता आली असती. न बोलण्याचा वळ कुठे दाखवणार? लोक हसले असते. परत आलेल्या लेकीचं काय होतं ते मायने तीन गावांत पाहिलेलं. मला तर दोन्ही बाजूंनी टोचत होतं. अक्का राहिली तर या घरात माझं काय, हाही विचार मनात येत होता, आणि अक्काला परत धाडली तर मग या जगात लेकीसुनेला जागा कुठे, असंही वाटत होतं. माझं माहेर आईबरोबर संपलेलं. हिचं असून नसल्यासारखं होईल का, याची मला धास्ती वाटत होती.

आबांना यातलं कोणी काही सांगितलं नव्हतं. बापाला असलं सांगायची पद्धत नव्हती. ते सकाळी जाळी दुरुस्त करायचे आणि भर दुपारी, ऊन डोक्यावर आलं की पालथ्या नावेखाली गोणपाट टाकून झोपायचे. खाली ओली वाळू, गार सावली. नाव ओंडक्यांवर उचललेली असल्याने आत एक माणूस आरामात मावायचा.

त्या दुपारी मी अक्कासाठी ताक घेऊन निघाले. ती भर दुपारीच घासायला बसली होती. सावली होती निंबाची, तरी हवा भाजत होती. पंधरा-वीस पावलांवर मी थांबले, कारण ती बोलत होती. कोणाशी, तर नावेशी.

"हाई देख, आठे तुले लागनं व्हतं ना? दगड लागना व्हता. कोनी पाहं नही. मी शे ना आते." हात फिरत होता, खसखस चालू होती. "तू बी बोलस नही. नको बोलू. मी बोलस, तू आयक." आणि मग ती सांगत सुटली. म्हशीचं, ताटाचं, पाण्याचं. गेल्या वर्षी आबांनी पोचवलं तेव्हाचंही. काठावर सासरा उभा होता, नवरा उभा होता आणि हाक आली नव्हती. आबांनी कानाला हात लावून ऐकलं, वारा फार होता, वाऱ्यात हाक विरली असेल असं म्हणाले आणि नाव लावून टाकली. "वारामा इरनी नही, हाक व्हतीच नही," अक्का नावेला सांगत होती. "पन बापले कसं सांगू?"

मी पुढे व्हायला पाऊल उचललं आणि माझं लक्ष नावेच्या कडेला गेलं. तिथे आबांच्या चपला होत्या. जोडीने, नीट काढून ठेवलेल्या. जर्मलच्या पत्र्याखाली साधं बोट वाजवलं तरी ढोलासारखं घुमतं. मी तिथूनच माघारी फिरले. ताक लोटीत तसंच राहिलं आणि संध्याकाळपर्यंत आंबट झालं.

कलत्या उन्हाला आबा नावेखालून निघाले. डोहावर जाऊन खूप वेळ तोंड धूत राहिले. मग आले आणि अक्कासमोर उभे राहिले. मी दारातून बघत होते. माझी खात्री होती की आता ते म्हणणार, पोरी, जाऊ नकोस. ते म्हणाले, "उजवी बाजू घे आते. आखो घास. तठून दिसाले पाहिजे. कोनी म्हनाले नको, आमले दिसनी नही."

अक्काचा हात थांबला. तिच्या चेहऱ्यावरचं सगळं जणू कोणी पुसून टाकलं. मला आबांचा एवढा राग आला की त्यांना रात्री वाढताना मी भाजी ताटात आपटली. सासऱ्यापुढे पदर न सावरता उभी राहिले. मायने मात्र सुटकेचा श्वास सोडला आणि शिदोरीसाठी लाडवांची तयारी काढली.

त्यानंतर अक्काने नाव घासली ती अशी घासली की बघवत नव्हतं. ना चिंचेची वाट पाहिली, ना सावलीची. पॉलिश पेपर फाटेपर्यंत, बोटांची सालं निघेपर्यंत. आणि तोंडातून एक शब्द नाही. आल्यापासून वटवट करणारी ती बाई पुन्हा मुकी झाली. मी तिच्या बाजूला बसून घासत होते, बोल ना अक्का म्हणत होते, आणि मला त्या खसखशीची भीती वाटायला लागली होती. उजवी बाजू उजळली. माझा सोड्याने काळा झालेला कोपराही उजळला. शेवटी धोतराचा बोळा फिरवला तेव्हा त्या पत्र्यात निंबाचं पान न् पान दिसत होतं आणि आमची दोघींची तोंडंही.

नाव पाण्यात टाकली त्या सकाळी निम्मं गाव घाटावर होतं. भिका नाना सगळ्यांच्या पुढे. मायने अक्काची ओटी भरली, पिशवीत लाडू घातले, आणि तिचे हात धरून म्हणाली, हे काळं तरी धुऊन जायचं गं. धुऊन ते गेलं नव्हतं. अक्का नावेत बसली, कोणाकडे न बघता. आबांनी वल्हं घेतलं.

सूर्य अजून वर चढत होता. पाण्याच्या मध्यावर गेल्यावर नाव अशी काही चमकली की डोळ्यांना पाणी आलं. पलीकडच्या काठावर माणसं जमलेली दिसत होती, ठिपक्यांएवढी. त्यांना दिसली होती. न दिसून सांगते कोणाला? चकाकी पुढे पुढे सरकत गेली आणि पलीकडच्या काठाच्या अलीकडे थांबली. आम्ही सगळे कान देऊन उभे. त्या दिवशी वारा नव्हता. झाडाचं पान हलत नव्हतं. पलीकडे कोणी बैलाला हाकारलं तर इकडे ऐकू आलं असतं.

हाक आली नाही. चकाकी तिथेच. माय पुटपुटली, "मारतीन, मारतीन हाक." म्हशी पाण्यात उतरल्या, भिका नानांनी विडी शिलगावली, ती संपली. चकाकी तिथेच. तिथे काय झालं ते अक्काने मला त्याच रात्री सांगितलं. आबांनी नाव काठापासून वल्ह्याभर अंतरावर रोखून धरली आणि जावयाला म्हणाले, "जवाईबापू, हाक मारा. एकच. मी लगेच नाव लावस." जावयाने बापाकडे पाहिलं. बापाने आभाळाकडे पाहिलं. आबांनी पुन्हा सांगितलं, तिचं नाव घ्या, पाहिजे तर शिवी द्या, पण तोंडाने द्या. त्या काठावर एवढी माणसं होती आणि कोणाच्याही तोंडून विमल हा शब्द निघाला नाही. तेव्हा आबा म्हणाले, "दिसनी ना आमनी नाव तुमले? बठ्ठास्नी, सगळास्नी पाही ना? बरं मंग." आणि त्यांनी वल्हं उलटं घेतलं.

इकडून आम्हाला एवढंच कळलं की चकाकी हलली. आधी वाटलं लागली काठाला. मग ती मोठी व्हायला लागली. आत कोण आहे ते मात्र दिसेना. आम्हीच ती इतकी घासली होती की नुसता उजेड येत होता पाण्यावरून. अक्का उतरली का, की आबा एकटेच येतायत? मी डोळ्यांवर हात धरला, तरी दिसेना. मायने माझा हात पकडला होता. नाव निंबाच्या सावलीच्या टप्प्यात आली तेव्हा कुठे चमक विझली आणि मला आधी दिसले ते दोन काळे हात, नावेच्या कडेवर घट्ट रोवलेले.

आबांनी नाव आमच्या काठापासूनही वल्ह्याभर अंतरावर रोखली. ते घामाने निथळत होते. मायकडे बघून ते मोठ्याने म्हणाले, सगळ्या गावाला ऐकू जाईल असे, "विमलनी माय, हाक मार."

ती रीत पलीकडच्या काठाची होती. या काठाला कधी कोणी हाक मारली नव्हती, मारावी लागली नव्हती. नाव पाण्यावर डुलत होती, ना तिकडची ना इकडची. माय उभी होती. मला वाटलं, ही आता वळून घरात जाणार. तिचे ओठ हलले, आवाज फुटेना. मला वाटलं मीच ओरडावं, पण मी सून, सासऱ्यादेखत घाटावर ओरडायची माझी काय प्राज्ञा? अक्का आईकडे बघत होती. नुसती बघत होती.

"विमल," माय म्हणाली. अगदी बारीक. मग तिने पदर कमरेला खोचला, छाती भरून श्वास घेतला आणि अशी हाक मारली की डोहावरचे बगळे उडाले. "विमल वं! ये वं माय! घर ये!"

नाव लागली. भिका नानांनी खांद्यावरचं उपरणं सावरलं, आणि जरा वेळाने, कोणाकडे न बघता, वऱ्हाडाला नावेत बसायला सांगितलं.

पुढचं सोपं गेलं असं नाही. पलीकडे त्यांनी दुसरी केली. अक्काने गावात पिठाची गिरणी चालवली, लोकांची बोलणी खाल्ली, आणि मायशी तिचं रोज कडाक्याचं भांडण व्हायचं. माझ्याशीही व्हायचं. आम्ही तिघी भांडायचो तेव्हा आबा ओसरीवर विडी ओढत बसायचे, कधी मध्ये पडले नाहीत. पुढे पूल झाला, नाव पुन्हा भंगारवाल्याकडे गेली. आबा गेले, माय गेली. आम्ही पिंप्राळ्याला आलो. आता अक्काचं माहेर म्हणजे हेच.

दर आखाजीला ती येते. रिक्षातून उतरते आणि पिशवी घेऊन खाली फाटकाशी उभी राहते. जिना चढत नाही. सुनेला पहिल्या वर्षी कळेना, आत्या वर का येत नाहीत, पाय दुखतात का? पाय दुखत नाहीत. यंदा मला वेगळीच काळजी आहे. तिला ऐकू येईनासं झालंय. गेल्या खेपेला मी गॅलरीतून हाक मारली, आणि ती तशीच उभी, वर तोंड करून, ऐकायची वाट बघत. मी पुन्हा मारली, मग आणखी मोठ्याने. समोरच्या बिल्डिंगमधले लोक बाहेर आले, दूधवाला थांबला, सून म्हणाली, आई, लोक बघतायत.

बघू देत. पदर कमरेला खोचून मी मायसारखा श्वास भरला.